भाषेची शीव

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं नवापूर स्थानक दोन राज्यांत विभागलेलं आहे. फलाटाचा काही भाग गुजरातेत, उरलेला महाराष्ट्रात. तिथल्या एका बाकाच्या मधोमध रेघ ओढून दोन्ही अंगांना दोन राज्यांची नावं रंगवली आहेत. गाड्यांच्या घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. राज्याची हद्द अशी बोट ठेवून दाखवता येते. भाषेची मात्र तशी दाखवता येत नाही. मावची बोलणारी माणसं त्या रेघेच्या पूर्वेलाही राहतात आणि पश्चिमेलाही. सोयरिकी, बाजारहाट, जत्रा सगळं दोन्हीकडे. त्यांच्या बोलण्यात ती रेघ कुठेच उमटत नाही.

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र महाराष्ट्राला एक रंग असतो, गुजरातला दुसरा, आणि आपण नकळत मानून चालतो की रंग बदलला की भाषा बदलते. भाषेचा मानवी भूगोल ही ज्ञानशाखा या समजुतीच्या पुढे जाते. कोणती भाषा कुठे बोलली जाते, हा तिचा पहिला प्रश्न. ती तिथे कोणी आणली, तिथे कशी टिकली, शेजारच्या भाषेशी तिचं काय देणंघेणं झालं आणि आता ती कुठे हटते आहे, हे तिचे पुढचे आणि जास्त महत्त्वाचे प्रश्न. या प्रकरणात त्या शाखेतल्या मुख्य संकल्पना आपण मराठी मुलखात हिंडत समजून घेऊ. यासाठी याहून चांगला प्रदेश शोधूनही मिळणार नाही, कारण भारतातली दोन मोठी भाषाकुलं, उत्तरेचं इंडो-आर्य आणि दक्षिणेचं द्राविडी, इथे शतकानुशतकं एकमेकांना भिडत आली आहेत.

बोलींची साखळी

नवापूरहून पूर्वेकडे निघालं की साक्री, धुळे, जळगाव, मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर असा रस्ता लागतो. या रस्त्यावर एका गावचा माणूस पुढच्या गावच्या माणसाशी बोलताना कधी अडत नाही. तरीही सुरतेची गुजराती आणि नागपूरची मराठी या निराळ्या भाषा आहेत. मग बदल झाला कुठे? तो थोडाथोडा, वाटभर होत गेला. शेजारच्या बोली एकमेकींना कळतात, पण दोन टोकं एकमेकांना कळत नाहीत, अशा रचनेला बोलींची साखळी किंवा बोलीसातत्य म्हणतात.

या साखळीचा एक दुवा जवळून पाहू. धुळ्याकडच्या अहिराणीत नाव विचारायचं तर ‘तुनं नाव काय शे?’ असं विचारतात. ‘नाव’ आणि ‘काय’ हे शब्द पुण्याच्या माणसाला आपलेच वाटतील. ‘शे’ ऐकताच मात्र गुजराती ‘छे’ आठवेल. ‘तुझं’च्या जागी ‘तुनं’ आहे आणि ‘रामचा’ऐवजी अहिराणीत ‘रामना’ होतं. गुजरातीत तेच ‘रामनो’ असतं. चार शब्दांच्या वाक्यात दोन भाषा एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत.

अशा बोलीला कोणत्या खणात ठेवायचं यावर अभ्यासकांचंही एकमत झालेलं नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद आहे. ठिकठिकाणच्या बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट जागोजागच्या माणसांकडून त्यांच्या बोलीत सांगून घेतली होती. मराठीला या सर्वेक्षणात सातवा खंड मिळाला. अहिराणी जिच्यात धरली जाते ती खानदेशी मात्र नवव्या खंडात, भिली बोलींच्या सोबत गेली. आजही जनगणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि २०११मध्ये तिचे भाषक साडेअठरा लाखांहून अधिक होते. यातली बहुतेक माणसं शाळेत मराठी शिकतात, मराठीत लिहितात, मराठी वर्तमानपत्र वाचतात. भाषा कोणती आणि बोली कोणती, हे केवळ व्याकरणावरून ठरत नाही. माणसं स्वतःला कोणाशी जोडून घेतात, यावरही ते ठरतं.

ळ कुठे संपतो

साखळीत बदल सावकाश होत असले, तरी एकेक लकब नकाशावर दाखवता येते. ‘काळा’ हा शब्द घ्या. पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत त्यातला ळ स्वच्छ उमटतो. रायगड-ठाण्याच्या आगरी आणि कोळी बोलींत त्याचा ‘काला’ होतो, डोळ्याचा ‘डोला’ होतो. वऱ्हाडात आणि खानदेशात तोच शब्द ‘काया’ असा ऐकू येतो. डोळे ‘डोये’ होतात आणि शाळा ‘शाया’. ळ म्हणणारी गावं आणि य म्हणणारी गावं नकाशावर टिपत गेलं, की त्यांच्यामधून एक रेषा ओढता येते. अशा रेषेला आयसोग्लॉस म्हणतात. प्रत्येक लकबीची रेषा वेगळी असते. मुलाला ‘पोट्टा’ कुठून म्हणायला लागतात, ‘जातो आहे’च्या जागी ‘जाऊन राहिला’ कुठून ऐकू येतं, या रेषा ळच्या रेषेशी तंतोतंत जुळत नाहीत. जिथे अनेक रेषा जवळजवळ येऊन जुडगा होतो, तिथे बोलीची शीव आहे असं मानतात.

ही पद्धत युरोपात घडली. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६पासून गावोगावच्या शिक्षकांना ठरावीक वाक्यं पाठवून ती स्थानिक बोलीत लिहून मागवली. फ्रान्समध्ये झ्यूल झिल्येराँ यांच्यासाठी एडमों एडमोंनी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी स्वतः जाऊन उच्चार टिपले. मराठीच्या बाबतीत डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात कुडाळी, वारली, दक्षिण कानड्यातली कोकणी अशा एकेका बोलीचे बारकाईनं अभ्यास केले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं गावोगाव ध्वनिमुद्रण करून मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यातल्या बोली आता कानांनी ऐकता येतात, ही फार मोठी सोय आहे.

या रेषा मनमानी पडत नाहीत. घाट, खाडी, जंगल, जुनी संस्थानी हद्द, आठवडे बाजाराचा पल्ला, लेकी देण्याघेण्याचा टापू यांचा त्यांच्यावर ठसा असतो. सह्याद्रीनं कोकण आणि देश यांच्या बोली वेगळ्या राखल्या, कारण घाटवाटा थोड्या आणि पावसाळ्यात बंद. उलट पूर्णेच्या सपाट खोऱ्यात बैलगाडी दूरवर जाई, म्हणून तिथे एकाच बोलीनं लांबवर हातपाय पसरले. माणसं जिथवर रोज जातात, तिथवर बोलणं जुळतं.

डोंगरात राहिलेली भाषाकुलं

अमरावती जिल्ह्यातला मेळघाट हा सातपुड्याचा भाग. इथले कोरकू लोक जी भाषा बोलतात ती ना मराठीच्या कुळातली, ना कानडीच्या. कोरकू ही मुंडा भाषा आहे, म्हणजे ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. तिच्या जवळच्या बहिणी, संताली आणि मुंडारी, शेकडो मैल पूर्वेला झारखंड-ओडिशात आहेत. व्हिएतनामी आणि ख्मेर या तिच्या दूरच्या नातलग. त्या अवाढव्य कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं ठाणं म्हणजे आपला सातपुडा.

मेळघाटाच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलली जाते. तिचे भाषक जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांमधून आलेले शब्द भरपूर आहेत. पण ते बाजूला काढल्यावर जो गाभा उरतो त्याचं नातं जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषेशी सिद्ध झालेलं नाही. अशा भाषेला एकाकी भाषा म्हणतात. युरोपातली बास्क तशीच. विदर्भातच यवतमाळकडे कोलामी आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी या द्राविडी भाषा आहेत. म्हणजे एकट्या विदर्भात इंडो-आर्य, द्राविडी, ऑस्ट्रोएशियाटिक आणि कोणाशीच नातं न जुळणारी निहाली, असे चार वेगळे वंश नांदतात.

याचं कारण भूगोलात आहे. सपाट, सुपीक जमिनीवर शेती वाढते, राज्यं उभी राहतात, रस्ते होतात आणि एक भाषा पसरत जाते. डोंगरजंगलात तिची गती मंदावते, आणि आधीच्या भाषांना तिथे आश्रय मिळतो. नकाशावर जिथे आपल्याला फक्त हिरवा पट्टा दिसतो, तिथे भाषेच्या इतिहासाचे सर्वांत जुने थर असतात.

सरकलेल्या सीमा

भाषेची शीव स्थिरही नसते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आज गोदाकाठी, नाशिक-पैठणला, कानडी बोलणारं गाव सापडणार नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र जुने कन्नड शिलालेख जागोजागी आहेत, आणि तिथल्या अक्कलकोट व शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात आजही घराघरांत कानडी बोलली जाते. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही तिथे आहेत. हजार-बाराशे वर्षांत मराठी दक्षिणेकडे सरकत गेली. ती सरकली म्हणजे लोक उठून गेले असं मानायचं कारण नाही. पुष्कळदा लोक तिथेच राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या दुभाषी राहून शेवटी दुसरी भाषा घरची करतात. याला भाषांतरण नव्हे, भाषापालट म्हणतात.

गेलेली भाषा गावांच्या नावांत मागे राहते. कांदिवली, बोरिवली, डोंबिवली, कणकवली ही नावं आपण रोज घेतो. फ्रँकलिन साउथवर्थ या भाषाअभ्यासकानं अशा ‘-वली’, ‘-ओली’ शेवटाच्या गावांचा नकाशा मांडला आणि तो शेवट वस्ती या अर्थाच्या द्राविडी ‘पळ्ळी’शी जोडला. त्याचं म्हणणं मान्य केलं, तर कोकणपट्टीच्या आजच्या मराठी बोलींखाली द्राविडी भाषकांची जुनी वस्ती आहे. लोकल गाडीच्या स्थानकांची यादी हा या दृष्टीनं एक ऐतिहासिक दस्तऐवजच आहे.

बेटं

भाषा दोन तऱ्हांनी पसरते. शेजारून शेजारी पसरत जाते, किंवा माणसांबरोबर लांब उडी घेते. उडी घेतलेल्या भाषेभोवती दुसऱ्या भाषेचा समुद्र असतो, म्हणून तिला भाषाबेट म्हणतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरची मराठी सरदारांच्या फौजा आणि कारकुनांबरोबर गेली. तंजावरची त्याहून आधी, सतराव्या शतकात, व्यंकोजीराजे भोसले यांच्याबरोबर गेली. १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांच्या घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे. राज्य गेलं, तरी तंजावरी मराठी तमिळनाडूतल्या घरांमधून बोलली जात राहिली. भोवताल तमिळ, शाळा तमिळ, आणि मराठी फक्त घरच्या वापरात. मूळ प्रदेशाशी रोजचा संबंध तुटल्यामुळे अशा बेटावर काही जुन्या लकबी टिकतात आणि काही नव्या शेजाऱ्यांकडून येतात.

उलट दिशेचं बेट आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या पलीकडे कोर्लई हे गाव आहे. तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज शब्दसंपदेवर उभी असलेली एक भाषा बोलतो. तिला ते ‘नौ लिंग’, आपली भाषा, म्हणतात. परस्परांची भाषा न येणारी माणसं एकत्र आली की कामापुरती जोडतोड भाषा तयार होते, तिला पिजिन म्हणतात. पुढची पिढी तीच जन्मापासून बोलू लागली की ती क्रिओल होते. कोर्लईची भाषा क्रिओल आहे. १७४०मध्ये चौल मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यानंतर या समाजाभोवती सगळी मराठीच होती. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी गेलं. शब्द एका खंडातले आणि त्यांची बसण्याची रीत दुसऱ्या खंडातली.

इतकी लहान भाषा अडीच शतकांहून जास्त काळ कशी टिकली? वेगळा धर्म, आपसांतल्या सोयरिकी आणि मध्ये नदी. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकानं तिचं तपशीलवार वर्णन केलं आहे. १९८०च्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला, शाळा-नोकरी-बाजार जवळ आले. पुलानं माणसांचं भलं केलं यात शंका नाही. पण नदी करत होती ती राखण आता दुसऱ्या कशानं तरी, जाणीवपूर्वक, करावी लागेल.

एकत्र राहण्याचं व्याकरण

दोन भाषा शेजारी नांदल्या की एक दुसरीला गिळतेच असं नाही. सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेलं संशोधन १९७१मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या भाषाविज्ञानात गाजलं. गावात जैन आणि लिंगायत लोक घरी कानडी बोलत, मुसलमान कुटुंबं उर्दू बोलत, दलित समाज मराठी बोलत. गावातले बहुतेक पुरुष एकाहून अधिक भाषा सहज बोलत. घरातली भाषा कोणी सोडली नाही. पण शतकांच्या सहवासात तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जुळली, की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं तर शब्दाच्या जागी शब्द आणि प्रत्ययाच्या जागी प्रत्यय ठेवत गेलं तरी पुरे. शब्दांनी ओळख राखली, व्याकरणानं शेजारधर्म पाळला.

हेच मोठ्या प्रमाणावर भारतभर झालं आहे. १९५६मध्ये मरे एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचं मांडलं, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा सहवासानं एकसारख्या झालेला प्रदेश. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा मराठीतला भेद संस्कृतात नव्हता. तमिळ-तेलुगूत तो आहे. मराठी माणूस हा भेद दिवसातून शंभर वेळा करतो, आणि दर वेळी दक्षिणेशी असलेलं जुनं नातं बोलून दाखवतो.

जिथे भाषा खूप आणि एकमेकींना न कळणाऱ्या असतात, तिथे एखादी संपर्कभाषा पुढे येते. बस्तरमध्ये हे काम हलबी करते. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी या तिन्हींच्या खुणा तिच्यात आहेत, आणि निरनिराळ्या बोली बोलणारे लोक बस्तरच्या बाजारांत तिच्यातून व्यवहार करत आले आहेत.

सत्तेची रेघ

आता पुन्हा राज्यांच्या हद्दींकडे येऊ. तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी उपोषणाला बसलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांचा १५ डिसेंबर १९५२ रोजी मृत्यू झाला, १९५३मध्ये आंध्र राज्य झालं, १९५६मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि मोठ्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. कारभार लोकांच्या भाषेत चालावा, ही मागणी रास्त होती आणि आजही आहे. पण साखळीवर रेघ मारायची तर ती कुठेतरी कोणाच्या तरी घरावरून जाणारच. बेळगाव, निपाणी, डांग ही नावं त्याची साक्ष आहेत. बेळगावचा प्रश्न २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

भाषेचा दर्जाही सत्तेच्या दारात ठरतो. तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे मालवणीत ‘खय’ म्हणतात, पलीकडे पेडण्यात ‘खंय’. बोलणं एकमेकांना सहज कळतं. तरीही अलीकडचा माणूस आपली मातृभाषा मराठी सांगतो, पलीकडचा कोकणी. साहित्य अकादमीनं १९७५मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत आली. हा दर्जा गोमंतकीयांनी निर्धारानं मिळवला आणि त्याचा आदर केला पाहिजे. मिळालेला दर्जा पुढे स्वतःच भूगोल घडवतो, कारण पाठ्यपुस्तकं, नोकऱ्या आणि पुरस्कार त्याच्यामागून येतात.

मोजणी हीदेखील सत्ताच आहे. २०११च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून साडेएकोणीस हजारांवर नावं सांगितली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषा ठरल्या १२१. मराठीचे भाषक ८ कोटी ३० लाख भरले. दहा हजारांच्या खालची भाषा ‘इतर’मध्ये जाते. निहाली त्या खालच्या बाजूला आहे. तक्त्यात नाव नाही म्हणून योजनेत नाही, योजनेत नाही म्हणून शाळेत नाही, असं हे चक्र फिरतं.

भाषा राहते कुठे

या सगळ्या फिरण्यातून एक गोष्ट हाती येते. भाषा जमिनीवर राहत नाही, व्यवहारात राहते. सोयरीक, बाजार, देऊळ, शाळा, दवाखाना, ग्रामसभा यांपैकी जितक्या जागी ती बोलली जाते तितकी ती खोलवर रुजते. एकेक जागा सुटत गेली की ती घराच्या उंबऱ्याआत येते, आणि आईवडील मुलांशी ती बोलेनासे झाले की एका पिढीत संपते. अंदमानातल्या बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनियर जानेवारी २०१०मध्ये वारल्या आणि ती भाषा त्या दिवशी थांबली. तिचा प्रदेश जागेवरच आहे, बेटं आहेत, झाडं आहेत. त्यांना त्या भाषेत हाक मारणारं कोणी उरलं नाही.

म्हणून भाषेची शीव राखायची म्हणजे व्यवहार राखायचे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती हे ओळखूनच. राज्यघटनेचं ३५०अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. आपल्या भाषेसाठी जे हक्कानं मागितलं, ते कोरकू, कोलामी, गोंडी, निहाली यांच्यासाठी मराठी माणसानंच पुढे होऊन मागायला हवं. त्यांची मुलं आपल्याच राज्याच्या शाळांत बसतात. येत्या जनगणनेत प्रगणक दारी येईल आणि मातृभाषा विचारेल. खानदेशातल्या, मेळघाटातल्या, कोर्लईतल्या माणसानं तेव्हा घरात जे बोलतो तेच नाव न लाजता सांगावं, आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं जाईल याची खात्री शासनानं द्यावी.